घोट घोट पेनिसिलिन

सरोवराच्या त्या काठावर एस्नाटच्या सुईची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. सांगणारी तिची आई, फाइनेसी. उसिपाची बारीक मासळी मचाणांवर पसरून बायका सावलीला टेकल्या, की कुणीतरी हटकून म्हणायचं, "फाइनेसी, ते सुईचं सांग की गं!" आणि फाइनेसी आढेवेढे न घेता कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेची गाठ घट्ट करून सुरू व्हायची. एस्नाट तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची. पायाची जखम चिघळलेली. गावात फिरत्या दवाखान्याची गाडी आली, नर्सबाईनं सुई टोचली आणि बघता बघता पोरगी हातातून चालली. दरसाल ही गोष्ट थोडी थोडी फुगत गेली. एका वर्षी पोरीचे ओठ केळ्याएवढे झाले, पुढच्या वर्षी तोंड भोपळ्याएवढं. एकदा तर रडायला बायकासुद्धा जमल्या होत्या. शेवट मात्र कधी बदलला नाही. "पहिल्या सुईनं नेली, दुसऱ्या सुईनं आणली! तेव्हापासून माझ्या लेकीला पेनिसिलिन म्हणजे साप."

एस्नाटला स्वतःला त्यातलं फारसं काही आठवत नव्हतं. पण ते वाक्य तिच्या अंगवळणी पडलं होतं. कुठल्याही दवाखान्यात गेली, की नाव सांगायच्या आधी ती सांगायची, "मला पेनिसिलिन चालत नाही." समोरचा मान डोलवायचा, दुसरं काहीतरी द्यायचा आणि विषय तिथंच मिटायचा.

लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा मसाउको, सायकली दुरुस्त करणारा, तिकडच्या रीतीप्रमाणं बायकोच्या गावात, सासूच्या अंगणात झोपडी बांधून राहिलेला. माणूस गरीब स्वभावाचा, कामाला चोख. पण घरात पाळणा हलत नव्हता. पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. का गेलं, कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या वेळी गावच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासलं आणि नर्सनं हळूच सांगितलं, गरमीचा आजार आहे, सिफिलिस, इंजेक्शन घ्यावं लागेल. एस्नाटनं आपलं वाक्य म्हटलं. नर्सनं पुढं केलेला हात मागं घेतला आणि गोळ्या दिल्या. एकही न चुकवता एस्नाटनं त्या संपवल्या. दिवस भरले, मुलगा झाला. मांजराच्या पिलासारखा एकदाच रडला. त्याच्या तळहातांची सालं निघत होती. ऊन कलायच्या आत तो गेला.

म्हणून तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा एस्नाटनं पोट चितेंजेखाली दडवलं आणि गावचं केंद्र टाळलं. मसाउकोच्या सायकलीवर मागं बसून ती थेट जिल्ह्याच्या इस्पितळात गेली.

तिथं गरोदर बायकांना तपासणारी सिस्टर केझिया ही बोलायला फटकळ बाई. रक्ताचा निकाल आला. तोच, गरमी. केझियानं इंजेक्शनचं नाव काढायच्या आत एस्नाट म्हणाली, "मला पेनिसिलिन चालत नाही."

"चालत नाही म्हणजे काय होतं?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती गडबडली. "मरते."

"मेलेली बाई अशी माझ्यासमोर बसून पोट झाकत नसते. नीट सांग."

एस्नाटनं आईची गोष्ट सांगितली, भोपळ्यासकट. केझियानं ती ऐकली, मग आधीच्या बाळंतपणांचं विचारलं. मुलाच्या तळहातांचं ऐकल्यावर मात्र तिचा फटकळपणा कुठच्या कुठं गेला. तिनं स्टूल पुढं ओढलं.

"हे बघ बाई, त्या गोळ्या तुझ्या अंगात फिरल्या. तुला कदाचित बरंही वाटलं असेल. पण त्या बाळापर्यंत पोचत नाहीत. मधे दार असतं म्हण ना. त्या दारातून आत जाऊन बाळाला बरं करणारं औषध एकच आहे."

"कोणतं?"

केझियानं ट्रेमधल्या इंजेक्शनकडं बघितलं. एस्नाटला कळलं. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले.

"म्हणजे मी बोलले नसते तर..."

"तर कदाचित तू गेली असतीस आणि तोही. तू खोटं काहीच बोलली नव्हतीस. चल, डॉक्टरांकडं जाऊ."

डॉक्टर कोंडोवे उत्तरेकडचे, ताडमाड उंच. इथली भाषा बोलायचे, पण अशी, की ऐकणारीला हसू दाबावं लागे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे झालं तेव्हा डोळ्यांनी बघणारं कुणी आहे का हयात?"

"आई आहे."

"मग आईला बोलवा."

दुसऱ्या दिवशी फाइनेसी मिनीबसमधून उतरली ती टोपली डोक्यावर घेऊन, ठेवणीतला डोईरुमाल बांधून. मोठ्या डॉक्टरला आपली गोष्ट ऐकायचीय म्हटल्यावर तिला कोण आनंद! खुर्चीत बसते न बसते तोच तिनं सुरुवात केली. "तर काय झालं, डॉक्टरसाहेब, त्या वर्षी सरोवराला असं काही उधाण..."

"आई, गोष्ट फार छान आहे," डॉक्टर म्हणाले, "पण मी मधे मधे तोडणार. रागावू नका. सुई टोचल्यावर किती वेळानं सुरू झालं?"

"अहो, नर्सनं सुई भांड्यात परत ठेवलीसुद्धा नव्हती!"

"खरंच?"

फाइनेसी थबकली. तिनं डोळे बारीक केले. "ठेवली होती. पुढच्या पोराला हाक मारली होती. त्यानं अजून चड्डी खाली केली नव्हती."

"शाबास. आधी काय झालं?"

"तळहात खाजवायला लागली. मग मान. मग अंगावर गांधी उठल्या, ह्या एवढाल्या. मग ओठ."

"केळ्याएवढे?"

"केळ्या..." फाइनेसीनं लेकीकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं. "मधमाशी डसल्यावर होतात, तसे."

"आणि श्वास?"

आता फाइनेसीचा आवाज उतरला. मचाणांपाशी बसून ती जे सांगायची, त्यात हे कधीच नसायचं. "छातीत शिटी वाजत होती. 'आई' म्हणायला गेली आणि तोंडातून नुसती हवा आली. ओठ निळे पडले. हिच्या बापानं हिला उचलून उगीचच पाण्याकडं धाव घेतली. माणूस मासेमार, दुसरं कुठं जाणार? नर्सच ओरडत मागं पळाली. मांडीत दुसरी सुई खुपसली. मग हळूहळू... मग हिनं पाणी मागितलं." ती डोळे पुसत म्हणाली, "ह्यात मी काही वाढवलेलं नाही हो."

"कळतंय मला," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या आधी कधी तिला पेनिसिलिन दिलं होतं?"

"दिलं होतं की. आदल्या थंडीत, खोकल्याला. काही झालं नाही."

एस्नाट चकित झाली. "हे तू कधी सांगितलं नाहीस!"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? काहीच झालं नव्हतं ना!"

डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. "असंच असतं. पहिल्या वेळी शरीर औषधाला ओळखून ठेवतं आणि दुसऱ्या वेळी शत्रू समजून तुटून पडतं. पुष्कळ लोक सांगत येतात, मला पेनिसिलिन चालत नाही. खोदून विचारलं तर कुणाला नुसते जुलाब झालेले असतात, कुणाला गोवराचं पुरळ आलेलं असतं आणि नाव पडतं औषधाचं. त्यांना मी बिनधास्त देतो. तुमच्या लेकीचं तसं नाही. हिची ॲलर्जी खरी होती."

"बघा! मी काय सांगत होते?"

"इतक्या वर्षांत ती गेलीही असेल. बहुतेकांची जाते. पण ते तपासायची सोय आपल्याकडं नाही, तेव्हा ती आहे असंच धरून चालायचं."

"धरा ना!"

"आणि तरीही हिला तेच औषध द्यायचं."

फाइनेसी उठूनच उभी राहिली. "डॉक्टर, तुम्ही उत्तरेकडचे. आमची भाषा तुम्हाला नीट कळली नसेल. मी आत्ता सांगितलं ते ऐकलंत ना? जग औषधांनी भरलंय. दुसरं द्या!"

"बाळापर्यंत पोचणारं दुसरं नाही."

"बाळापर्यंत कशाला? बाळाला काय झालंय?"

डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही. सिस्टर केझियाही भिंतीकडं बघत राहिली. ते सांगायचा हक्क त्यांचा नव्हता.

"आई, मला गरमीचा आजार आहे. दोन्ही लेकरं त्यानंच गेली."

फाइनेसी सावकाश वळली. दारात मसाउको उभा होता, टोपी हातात धरून. रीतीप्रमाणं तो सासूकडं कधी सरळ बघायचा नाही, आज तर त्याची नजर पायाच्या अंगठ्यावरून हलेना.

"वा, जावईबापू! आमच्या घरी येताना सगळे हात हलवत येतात, तुम्ही तेवढा आहेर घेऊन आलात!"

"माझ्यामुळंच असेल, आई," मसाउको पुटपुटला. "लग्नाआधी तंबाखूच्या मळ्यांवर होतो मी. तेव्हाचं असेल. सिस्टरनी मला काल इंजेक्शन दिलंय."

"ह्याला दिलं? आणि हा धडधाकट उभा! मरायचं मात्र माझ्या लेकीनं!"

फाइनेसी टोपली उचलून तरातरा बाहेर पडली. घरी मात्र गेली नाही. इस्पितळाच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी पत्र्याचा निवारा असतो, तिथं तिनं तीन दगड मांडून चूल पेटवली, मक्याच्या पिठाची न्सिमा शिजवली आणि एस्नाट जवळ येऊन बसल्यावर तिच्यापुढं ताटली सरकवली. एस्नाटनं चार घास खाल्ले.

"आई, डॉक्टर म्हणतात, एकदम नाही द्यायचं. पाण्यात थेंबभर औषध, इतकं कमी की शरीराला कळणारही नाही. मग थोडं थांबून त्याच्या दुप्पट. मग त्याच्या दुप्पट. असं करत करत शरीराला चकवायचं. उतारा सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवणार. तीच, दुसरी सुई."

"आणि नाही चकलं शरीर तर?"

"तर थांबवणार."

"आणि थांबवूनही नाही भागलं तर?"

फाइनेसीनं पळी खाली ठेवली.

"मूल पुन्हा होईल. नाही झालं तर नाही होणार. बिनमुलाच्या बायका काय जगत नाहीत? पण तू गेलीस, तर मी काय करू? तू तुझं लेकरू वाचवायला निघालीयेस, पोरी. मी माझं वाचवतेय."

रागावलेल्या आईला उत्तर देता येतं, अशा बोलणाऱ्या आईला कसं द्यायचं? एस्नाट आईच्या खांद्याला टेकून बसली. पोटातलं मूल हललं. तिनं आईचा हात धरून तिथं ठेवला. फाइनेसीनं तो काढून घेतला नाही, पण काही कबूलही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाइनेसीनं आपल्या भावाला बोलावून घेतलं. बहिणीच्या मुलांचं बरंवाईट मामानं ठरवायचं, ही तिकडची रीत. लामेक मामा आले, निवाऱ्यात चटईवर बसले, थोब्वाचा, मक्याच्या आंबिलीचा, पेला रिकामा होईतो दोन्ही बाजू ऐकत राहिले.

"आधी ह्या जावयाला विचार," फाइनेसी म्हणाली, "हे कुठून आणलं ते!"

"घराला आग लागलीय बाई," मामा म्हणाले. "आधी विझवू. चुलीत लाकूड कुणी जळतं ठेवलं होतं, ते मागाहून बघू." मग ते भाचीकडं वळले. "एस्नाट, मी तुला 'घे' म्हणणार नाही आणि 'नको' पण म्हणणार नाही. सुई तुझ्या अंगात जायचीय. तुझं मन काय म्हणतं?"

एस्नाटला भीती वाटत होती आणि ती लपवायची तिची इच्छा नव्हती. "मला भीती वाटते, मामा. पण गेल्या वेळी तो रडला, तेव्हा मी त्याला जवळ घेतलं आणि माझ्याकडं त्याला द्यायला काहीच नव्हतं. ह्या वेळी आहे. मला घ्यायचंय."

मामांनी मान हलवली. फाइनेसी उठून नळाकडं गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

सकाळी एस्नाटला खिडकीजवळच्या खाटेवर निजवलं. हातात सलाईनची सुई, दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा. उशाशी ताटात तो उतारा, ॲड्रिनलिन, भरून तयार. शेजारी ऑक्सिजनची टाकी. डॉक्टर कोंडोवेंनी आदल्या संध्याकाळी मोठ्या शहरातल्या आपल्या गुरूंना फोन करून प्रत्येक मात्रा पुन्हा पडताळून घेतली होती. टेबलावर केझियानं औषधाचे इवलेसे पेले ओळीनं मांडले होते.

"आम्ही दोघंही इथून हलणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तळहात खाजले, जीभ जड वाटली, पोटात मुरडलं, काहीही झालं तरी सांगायचं. हिंमत दाखवायची नाही. आज आम्हाला भित्रीच बाई हवीय."

"मग योग्य बाई मिळालीय तुम्हाला," एस्नाट म्हणाली.

पहिला पेला म्हणजे नुसतं पाणीच. तिनं गिळलं आणि ती वाट बघत राहिली. छातीत धडधडत होतं, पण ते भीतीनं. केझियानं नाडी बघितली, छातीला नळी लावली, पोटावर लाकडी कर्णा टेकवून बाळाचे ठोके ऐकले. दुसरा पेला. तिसरा. हळूहळू पाण्याला कडवट चव यायला लागली. बाहेर खिडकीखाली भिंतीला टेकून कुणीतरी बसलं होतं. एस्नाटला फक्त डोईरुमाल दिसत होता.

ऊन चढलं. मधल्या एका पेल्यानंतर एस्नाटची मान खाजायला लागली. आधी तिला वाटलं, घाम असेल. मग सांगितलेलं आठवून ती म्हणाली, "सिस्टर, इथं." मानेवर गांधी उठल्या होत्या. पोटावरही दोन.

डॉक्टरांनी हात उंचावून सगळं थांबवलं. जीभ बघितली, घसा बघितला, छाती ऐकली, रक्तदाब घेतला. केझियाचा हात उताऱ्याच्या ताटावर होता. एस्नाटनं डोळे मिटले. आता शिटी वाजेल, ती स्वतःलाच म्हणाली, आता वाजेल.

शिटी वाजली नाही. डॉक्टरांनी खाजेवरचं औषध दिलं आणि पुष्कळ वेळ वाट बघितली. गांधी विरत गेल्या.

"श्वास मोकळा आहे, रक्तदाब ठीक आहे. शरीरानं दार किलकिलं करून बघितलंय, कोण आलंय ते. आपण एक पायरी मागं जाऊ, आधीचीच मात्रा पुन्हा देऊ. पण पुढं जायचं की नाही, ते तू सांग. इथं थांबलीस तरी कुणी तुला बोल लावणार नाही."

एस्नाटनं खिडकीकडं बघितलं. डोईरुमाल आता उभा होता. काचेतून आईचा चेहरा दिसत होता. ओठ हलत होते, बहुधा प्रार्थना असावी. फाइनेसीनं 'नको' म्हटलं नाही. 'हो' म्हणणंही तिला जमलं नाही.

"द्या," एस्नाट म्हणाली.

त्यानंतर काही उठलं नाही. शेवटचा पेला इतका कडू होता, की तिचं तोंड वाकडं झालं आणि केझिया म्हणाली, "आता कशी औषध प्यायल्यासारखी दिसतेस!" दुपार कलताना दोन्ही कुल्ल्यांवर ती मोठी इंजेक्शनं दिली. दुखली अशी, की एस्नाट ओरडली आणि ओरडता येतंय म्हणून तिला हसू फुटलं. मसाउको व्हरांड्यात जमिनीवर बसला होता. बातमी ऐकून त्यानं तोंड टोपीत लपवलं.

पण दिवस अजून संपला नव्हता. सरोवरावरून संध्याकाळचा वारा सुटला आणि एस्नाटला थंडी वाजायला लागली. आधी हुडहुडी, मग दातावर दात. डोकं ठणकायला लागलं. अंग तव्यासारखं तापलं आणि पोट राहून राहून आवळायला लागलं, दगडासारखं.

आता फाइनेसीला कुणी अडवू शकलं नाही. ती वॉर्डात घुसली, लेकीला बघितलं आणि तिनं जो टाहो फोडला, तो साऱ्या इस्पितळानं ऐकला. "मारलीत! सांगितलं होतं मी! पायाशी येऊन सांगितलं होतं! ती सुई द्या, दुसरी सुई! बघत काय उभे राहिलात?"

केझियानं बाळाचे ठोके ऐकले. जलद होते. डॉक्टर धावत आले. त्यांनी छातीला नळी लावली, रक्तदाब घेतला, अंगावरची चादर काढून त्वचा नीट बघितली. मग ते फाइनेसीपुढं येऊन उभे राहिले आणि ओरडणाऱ्या बाईशी बोलतात तसं न बोलता, अगदी शांतपणे म्हणाले, "आई, मला वाटतं ही ॲलर्जी नाही. आजाराचे जंतू एकदम मरायला लागले की त्यांचं विष रक्तात सुटतं आणि असा ताप येतो. मी तपासलंय, मला तसंच दिसतंय. पण हिची ॲलर्जी डोळ्यांनी बघितलेलं माणूस ह्या इमारतीत एकच आहे. तुम्ही बघा. तो दिवस आठवा आणि हिच्याकडं बघा. हे तेच आहे?"

फाइनेसी रागानं काहीतरी बोलणार होती. पण डॉक्टर बाजूला झाले होते आणि समोर एस्नाट होती. ती वाकली. तिनं लेकीचे तळहात उलटे करून बघितले. ओठांवर अंगठा फिरवला. खाली बसून कान छातीला लावला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

"मला हाक मार," ती म्हणाली.

"आई," एस्नाट म्हणाली. दात वाजत होते, पण आवाज स्वच्छ होता.

फाइनेसी तिथंच खाटेच्या कडेला टेकली. ती 'तेच आहे' म्हणाली असती, तर कदाचित सगळं थांबलं असतं आणि लेक घरी गेली असती. एस्नाटला तापातही ते दिसत होतं, आई काय तोलतेय ते.

"नाही," फाइनेसी अखेर म्हणाली. "ते हे नाही. त्या दिवशी ती थंड पडत चालली होती, आज तापलीय. त्या दिवशी हाक फुटत नव्हती. हे दुसरं काहीतरी आहे." मग तिनं नाक पुसलं. "मला फडकं आणि पाणी द्या कुणीतरी. नुसतं बघत बसून ताप उतरत नसतो."

केझियानं तापाचं औषध दिलं, सलाईन वाढवलं. फाइनेसी कपाळावर ओल्या घड्या ठेवत राहिली. मसाउको बादल्या भरून आणत राहिला. एकदा बादली घेताना ती त्याला म्हणाली, "अर्धीच भर, सांडतोस नुसता." मसाउकोला ते वरदानासारखं वाटलं. पोटाचं आवळणं कमी होत गेलं आणि सकाळी एस्नाट जागी झाली, तेव्हा ताप उतरलेला होता, बाळ आतून लाथा मारत होतं आणि तिला सडकून भूक लागली होती.

अजून दोन आठवड्यांची इंजेक्शनं बाकी होती. डॉक्टरांनी बजावलं, शरीराला चकवलंय ते औषध चालू आहे तोवरच. मधे खंड पडला, तर ते पुन्हा शत्रू समजून तुटून पडेल. म्हणून मधल्या दिवसांत ठरल्या वेळी गोळ्या घ्यायच्या. इंजेक्शनं संपेतो इस्पितळातच राहायचं. ह्या गोळ्यांचा ताबा फाइनेसीनं घेतला. सूर्य कुठं आला की गोळी, ते तिनं ठरवून टाकलं. एस्नाट अंघोळीला गेली असली, तरी न्हाणीच्या दाराबाहेर हात पुढं करून उभी. "जीभ दाखव. गिळलीस का? वर कर जीभ." शेजारच्या खाटेवरची बाई हसायची, तर फाइनेसी तिलाही विचारायची, "तुझ्या कसल्या गोळ्या आहेत? घेतल्यास का?"

घरी जायच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता गोळ्या बंद. आणि लक्षात ठेवा, ॲलर्जी बरी झालेली नाही. पुढं कधीही पेनिसिलिन द्यायची वेळ आली, तर सगळं पहिल्यापासून, इस्पितळातच. आणि सांगताना नुसतं 'चालत नाही' असं सांगायचं नाही, काय झालं होतं तेही सांगायचं."

"ते माझ्यावर सोडा," फाइनेसी म्हणाली, "पण केळं नको ना?"

"केळं नको," डॉक्टर म्हणाले.

मका कापून झाल्यावर, थंडीच्या सुरुवातीला, त्याच इस्पितळात एस्नाटला मुलगी झाली. बारीक, काळीसावळी, आणि आवाज असा, की केझियानं कानावर हात ठेवले. एस्नाटनं आधी तिचे तळहात उघडून बघितले, मग तळपाय. मग पुन्हा तळहात. कातडी अखंड होती, मऊ, सुरकुतलेली. डॉक्टरांनी बाळाला नखशिखांत तपासलं, रक्त घेतलं, आठवडाभर ठेवून घेतलं. आईची ॲलर्जी लेकीत जन्मतःच येत नाही, हे फाइनेसीनं त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. निकाल चांगला आला, तेव्हाच त्यांना सोडलं.

परत जाताना मिनीबस मिळाली नाही. मक्याची पोती घेऊन निघालेल्या एका पिकअपमध्ये जागा मिळाली. पोत्यांवर एस्नाट, मांडीवर बाळ, शेजारी फाइनेसी, मागच्या कडेला सायकल धरून मसाउको आणि आणखी दहा-बारा माणसं, दोन कोंबड्या.

"नाव काय बाळाचं?" एका म्हातारीनं विचारलं.

तिघंही एकमेकांकडं बघायला लागली. नाव ठरवायचं धाडसच कुणी केलं नव्हतं.

"चिसोमो ठेवा," कुणीतरी म्हणालं.

"आमच्या गल्लीत हाक मारली तर पाच चिसोमो धावत येतात!"

"माझ्या आजीचं नाव ठेवा, लिजिनेती. शंभरी गाठली तिनं."

"लिजिनेती? पोरगी मोठी होऊन शिव्या देईल तुला."

"बापाला विचारा की! अहो सायकलवाले, तुमचं काय मत?"

मसाउकोनं घाबरून सासूकडं बघितलं. फाइनेसी म्हणाली, "बोल की. सगळे बोलतायत, तूच तेवढा मुका?" त्यानं एक नाव सांगितलं, पण तेवढ्यात पिकअप खड्ड्यातून उडाली, कोंबड्या ओरडल्या आणि कुणालाच ते ऐकू आलं नाही. बाळ जागं होऊन रडायला लागलं. एस्नाटनं तिला छातीशी घेतलं आणि ती दूध प्यायला लागली. सरोवर दिसायला लागलं, तरी पोत्यांवरचा वाद चालूच होता.